चराच्या पलीकडे गेलेली चुन्याची रेघ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... रस्त्याच्या कामावरचा मुकादम मी, खडी अन् मुरूम एवढंच माझं जग. तरी ही एक गोष्ट आहे, घडली तशी सांगतो.

अमळनेर-पारोळा रस्ता, अमळनेरपासून तिसरा मैल. इंग्रजी अंमल, त्यात दुष्काळ. प्रवासी नेणाऱ्या नव्या सर्व्हिस मोटारी धावू लागल्या होत्या आणि बाजाराला पायी जाणाऱ्या एका म्हाताऱ्याचा पाय मोटारीखाली मोडला होता. म्हणून पायी माणसं अन् सायकलवाल्यांसाठी वेगळी वाट काढायचं दुष्काळी काम निघालं. चाळीस माणसं, निम्म्या बाया. सगळ्यांच्या चुली त्यावर.

सकाळी दोरी धरून मी रस्त्याला लागूनच चुन्याची रेघ आखली. दुपारी भाकरी खाऊन उठलो, तर रेघ रस्त्याकडेला पाण्यासाठी खणलेल्या चराच्या पलीकडे! एकदम सरळ. जुन्या रेघेचा मागमूस नाही.

"ही मस्करी कोणी केली?"

टोळीतली सर्वांत वडील साळूअक्का म्हणाली, "नाना, आम्ही बठ्ठा आठेच बठेल व्हतूत. कोनी उठनं नही."

खरंच होतं, सगळे तिथेच बसले होते, कोणी उठलं नव्हतं... मी स्वतः रेघेकडे तोंड करून जेवलो होतो. पुन्हा आखली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ओव्हरसियर सायकलवरून आले, पुन्हा सरकलेली रेघ बघून म्हणाले, "मुकादम, उद्या रेघ जागेवर नसेल तर काम बंद."

चौथ्या दुपारी रेघ पुन्हा पलीकडे. सगळ्यांचे चेहरे उतरले. साळूअक्कानं कुदळ उचलली.

"जठे रेघ शे तठेच खंदूत, नाना."

मी होकारार्थी मान हलवली अन् रेघ होती तिथेच खणायला लावलं. ओव्हरसियरना सांगितलं, "मीच बदलली साहेब, पावसाचं पाणी चरातून जाईल, वाट वाहून जाणार नाही." त्यांना पटलं. वर शाबासकीही दिली — मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाट झाली. महिन्याभरात, ऐन बाजाराच्या सकाळी एका मोटारीचं स्टिअरिंग गेलं. ती रस्ता सोडून माझ्या पहिल्या रेघेवरून थेट चरात रुतली. पलीकडे टोपल्या घेतलेल्या बाया अन् दोन सायकलवाले... कोणाला ओरखडा नाही. ड्रायव्हर उतरून चराच्या काठावर बसला. साळूअक्कानं त्याला पाणी दिलं, भाकरी दिली. "खाय भाऊ. पन ही वाट आमनी शे."

त्यानंतर पुढच्या दोन मैलांचं काम मिळालं, अख्खा उन्हाळा निघाला. तिथली रेघ मी चराच्या पलीकडेच आखली — ती तसूभरही हलली नाही. आधीची कोणी हलवली, मला आजही सांगता येत नाही. साळूअक्काला एकदा विचारलं, तर हसत म्हणाली, "कोनी का व्हयेना, काम चोख करं. त्यानं नाव बी हजेरीमा लिखी ल्या, नाना."