कुंकवाचं ताट घेऊन मी पुढं सरकले

मैत्रिणींनो, आज स्वतःचीच लाज वाटून राहिली आहे.

दुपारी वरूडला आमच्या शाळेत सैनिकांच्या बायकांचा सत्कार होता. हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात होतं. शांताआजींजवळ आले आणि त्यांना न लावताच शेजारच्या बाईकडे वळले. आजींचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला, तो आजवर परतला नाही.

आजींनी माझा पदर धरला. कपाळावर घरूनच लावलेलं ठसठशीत कुंकू होतं.

"काहून वं पोरी, त्याची काई खबर आली का तुले?"

"नाही, आजी."

"मंग लाव ना!"

त्यांनी कपाळ पुढं केलं. मी त्यांना हळदीकुंकू लावलं.

ज्याची त्या अजून वाट पाहतात, त्याला परस्पर मेलेला ठरवणारी मी कोण, सांगा बरं?