पाण्यावर या, मग भांडा

भांडणाचा आवाज आला की नाना तिकिटाची खिडकी अर्धी ओढून घ्यायचे, लाल प्लास्टिकची खुर्ची काखेत मारायचे आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणायचे, "इथं न्हाय. पाण्यावर या, मग भांडा."

आगरदांड्याची मोठी फेरी तुम्हाला ठाऊक असेल, मोटारी नेणारी. आमची ती नव्हे. आमची खाडी तिथून बरीच आत, आणि आमची लाँच म्हणजे माणसं, मोटारसायकली आणि कधी एखादी बकरी. नाना तिथे तिकिटं फाडायचे. पण लाँचवरच्या, धक्क्यावरच्या, टपरीवरच्या कुणाचंही बिनसलं की दोघांना पकडून लाँचवर चढवायचे. "ह्या काठाला ह्याचा गाव, त्या काठाला त्याचा गाव," ते सांगायचे. "मधल्या पाण्यावर कुणाचा गाव हाय? बोलायचं ते तिथं."

घरी बायकोशी वाजलं तर काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. नाना म्हणाले, "ती लाँचवर चढतच न्हाय."

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि गावच्या एका ओळखीच्या माणसामागे इथवर आलो. समुद्र त्याआधी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला. तिथे तो निळा होता आणि अजिबात हलत नव्हता. माझं काम सोपं होतं: लाँच काठाला आली की लाँचवरच्या हरेशने फेकलेला दोर झेलायचा आणि खुंटाला बांधायचा. पोहता येतं का, हे मला कुणी विचारलं नाही, मीही आपणहून सांगितलं नाही. इथल्या माणसाला पोहणं म्हणजे चालण्यासारखं. तुला चालता येतं का, असं कोण विचारतं? मी रोज सकाळी मारुतीला हात जोडायचो आणि कडेपासून जमेल तितका लांब उभा राहायचो.

हरेश इथल्याच कोळीवाड्यातला. त्याचा ओला दोर सणकन येऊन छातीवर बसायचा. मी दचकून मागे सरायचो, दोर खाली पडायचा.

"ए घाट्या, साप हाय काय तो?"

"तू नीट फेक की!"

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा दोर पाण्यात गेला, लाँच आडवी फिरली आणि जावयासाठी पापलेटं घेऊन निघालेल्या एका मामांची टोपली पाण्यात कलंडली. "गेली माहेरी!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मामा सोडून. मामांनी थेट लाँचच्या मालकाला फोन लावला आणि मालकाने आम्हाला. "उद्या संध्याकाळपर्यंत मिटवा. न्हायतर परवा दोन नवीन माणसं."

हरेशला घरची होडी होती. मला परतीची एस.टी. होती. आणि तिकडे आई अख्ख्या गावाला सांगत होती की पोरगं जहाजावर आहे.

दुसऱ्या दिवशी नानांनी खुर्ची उचलली.

लाँचच्या मागच्या अंगाला ते खुर्चीत, आम्ही दोघे समोरच्या फळीवर. मी सगळं पाठ करून आलो होतो. तोंड उघडणार, तोच नानांनी हात वर केला.

"तुझं तू न्हाय सांगायचं. ह्याचं गाऱ्हाणं तू सांग. तुझं हा सांगंल. समोरच्यानं मान हलवली तरच खरं."

"आणि नाही हलवली तर?"

"तर काय? लाँच परत येतेच."

हरेश एका वाक्यात सुटला. "हा म्हणतो, मी दोर मुद्दाम जोरात मारतो." मला मान हलवावीच लागली.

माझी पाळी आली. "हा म्हणतो, मी हळू आहे." हरेशची मान हलली नाही. "आळशी आहे." तरी नाही. "घाटी आहे."

"तो तर तू हायसच," हरेश म्हणाला. "त्याचं काय गाऱ्हाणं?"

पलीकडचा काठ आला. हरेशने उठून दोर फेकला आणि पुन्हा फुगून येऊन बसला. माणसं उतरली, चढली, आम्ही परत निघालो. अलीकडच्या काठाला माझ्या जागी टपरीवाला उभा होता. त्याने हातातले ग्लास खाली ठेवून दोर झेलला, आणि माझ्यापेक्षा बरा झेलला.

दुसऱ्या फेरीला सुक्या मासळीची पाटी घेऊन एक मावशी शेजारी बसल्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "पोरीवरून असंल!"

"मावशी," नाना म्हणाले, "तिकीट बसायचं काढलंत. बोलायचं न्हाय."

"मग बोलायचं पण फाडा की एक!"

मी आठवून आठवून माझे दोष सांगत होतो. माझ्यात इतके असतील असं मला वाटलं नव्हतं, पण हवा तो काही सापडेना. हरेशची मान दगडासारखी. शेवटी मी रडकुंडीला येऊन त्याच्याकडे वळलो. "बाबा रे, मग तुझं म्हणणं तरी काय आहे?"

नानांनी खुर्चीला पाठ टेकली. दोन फेऱ्या ते याच एका प्रश्नाची वाट बघत होते, हे मला फार नंतर कळलं.

हरेशने माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बोट केलं. "तू मच्छी खात न्हाईस. डबा घेऊन लांब चिंचेखाली बसतोस. माझा दोर आला की मागं सरतोस. मच्छीचे हात लागलेत म्हणून ना? आमचा वास येतो ना तुला?"

"वास? अरे, कडेला आलं की मला पाणी दिसतं! पाण्यापासून लांब म्हणून चिंच! मला पोहता येत नाही!"

"अगं बया," मावशी म्हणाल्या, "आणि ह्याला धक्क्यावर ठेवलाय?"

झालं, मला वाटलं. आता एस.टी.च धरायची. तेवढ्यात हरेश हसायला लागला. फळीवरून घसरेपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "घाट्या, सांगायचं ना! मी आपला रोज जोर वाढवतोय, म्हटलं बघू किती मागं जातो."

धक्क्यावर उतरल्यावर नानांनी आम्हाला खिडकीसमोर उभं केलं, आत जाऊन बसले आणि खिडकी पूर्ण उघडली.

"आजपासून दोघं नवीन लागलात. नाव?"

"नाना, तुम्हाला माहीत..."

"नवीन माणसाला मी वळखत न्हाय. नाव?"

आम्ही नावं सांगितली, गावं सांगितली.

"दोर फेकता येतो?"

"येतो," हरेश म्हणाला. "हळू पण येतो."

"झेलता येतो?"

"शिकतो," मी म्हणालो.

"पोहता येतं?"

"नाही."

"बरं," नाना म्हणाले आणि खिडकीतून एक नारिंगी जाकीट बाहेर ढकललं. "हे घालून उभं ऱ्हायचं. मालकाला मी सांगतो."

त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही. मी अजून इथेच आहे. त्या फुगीर जाकिटामुळे दोन्ही काठांवर मला 'सिलिंडर' म्हणतात. ओहोटीला उथळ पाण्यात हरेशने मला पोहायला शिकवलं, म्हणजे आता मी बुडायला जरा जास्त वेळ घेतो.

गेल्या वर्षी नाना थकले. माणगावला मुलीकडे राहायला निघाले. पलीकडून गाडी धरायची होती. एक पिशवी, ती खुर्ची, आणि बायको आधीच रस्त्याने गेलेली. मी दोर सोडायला खुंटाजवळ उभा होतो. गाठ माझ्या रोजच्या हातची, पण सुटेना.

"सोड की रं!" हरेश लाँचवरून ओरडला.

"सोडतोय ना! तू ओढू नकोस!"

मागून आवाज आला, "भांडण हाय काय? असंल तर चढ."

"हाय!" मी म्हणालो. दोर सोडला, लाँचवर फेकला आणि कडेवरून उडी मारली. खाली पाणी होतं. ते मला आत पोचल्यावर आठवलं.

नाना खुर्चीत, आम्ही फळीवर. खाडी अर्धी झाली.

"बोला," नाना म्हणाले. "ह्याचं गाऱ्हाणं काय?"

मी हरेशकडे बघितलं. "हा म्हणतो, तुम्ही जाऊ नका."

हरेश पाण्याकडे तोंड करून बसला होता. त्याने मान हलवली.