मधली ओळ

गंगारामने आयुष्यात एकच गोष्ट मिरवायची हौस केली, आणि तीच नेमकी अंगाशी आली.

एरवी हा माणूस मिरवणारा नव्हेच. भाट्याच्या खाडीकाठी चौसष्ट वर्षं काढली, त्यातली बहुतेक जाळ्यांच्या ढिगात बसून. ऐन उमेदीत दोन हंगाम होडीवर गेला, पाय मोडून घेतला, आणि तेव्हापासून दुसऱ्यांची फाटकी जाळी सांधतो. लग्न झालं, संसार झाला, बायको पाच वर्षांमागे गेली. मुलगा दूर पोफळी गावात नोकरीला. घरात आता हा आणि याची सुई. बोलणं असं, की चार शब्द विचारले तर दोन परत मिळतील, तेही तुमचं नशीब चांगलं असेल तर.

अशा माणसाकडे जूनमध्ये नेत्रा नावाची एक चित्रकार मुलगी आली. खाडीपलीकडच्या शहरात, मांडवीजवळच्या एका जुन्या गोदामात ती प्रदर्शन भरवत होती. नाव 'ओढ', विषय प्रेम आणि वासना. वासना हा शब्द ती इतक्या सहज बोलली की गंगारामने आधी दाराबाहेर कोणी उभं नाही ना, ते पाहून घेतलं. तिला लोकांनी जपून ठेवलेल्या वस्तू हव्या होत्या. का जपल्या, ते सांगायची सक्ती नव्हती. गंगाराम दोन दिवस गप्प बसला. तिसऱ्या दिवशी माळ्यावर चढला, पोत्याच्या तळातून जाळ्याचा एक तुकडा काढला आणि तिच्या हातात दिला.

त्या तुकड्याचं आता सांगायलाच हवं. सदतीस वर्षांपूर्वी त्याचा शेजारी आणि लहानपणापासूनचा सोबती बाबल्या दोन वर्षं मुंबईच्या धक्क्यावर कामाला गेला होता. त्याची बायको येसूबाई इथे रोजावर जाळी सांधायला यायची. एका पावसाळ्यात मालकाने एक मोठं जाळं दोघांना मिळून विणायला दिलं. एका टोकाकडून गंगाराम, दुसऱ्या टोकाकडून येसूबाई. येसूबाई डावरी. सगळ्या बंदरात डाव्या हाताने विणणारी ती एकटीच, त्यामुळे तिची गाठ उलटी पडायची. गाठीवरून हात ओळखणं ही तिकडे काही मोठी विद्या नव्हे, शेंबडं पोरही सांगेल हे कोणाचं काम म्हणून.

दोघं विणत विणत मधे आले. दोन पट्टे जोडणारी मधली ओळ एकाच माणसाने घालायची, ही रीत. यांनी काय करावं? एक गाठ त्याची, एक तिची. गुडघ्याला गुडघा लावून बसल्याशिवाय तशी ओळ घालताच येत नाही. गाठी एकतीस, आणि त्या घालायला या दोघांना लागले चार दिवस! बंदरावरच्या कोणीही ती ओळ नुसती पाहिली तरी पुढचं काही सांगायला नको.

पाचव्या दिवशी बाबल्याचं पत्र आलं, कायमचा परत येतोय म्हणून. येसूबाईने सुई खाली ठेवली. "मी आता काय सांगू त्यांना?" तिने विचारलं.

गंगारामने मान वर केली नाही. "जाळं झालं, वैनी," एवढंच म्हणाला. चार दिवस जिला नावाने हाक मारली, तिची परत वहिनी करून टाकली. मग तेवढा तुकडा कापून घेतला आणि मालकाला सांगितलं, उंदरांनी खाल्ला.

बाबल्या आला, त्यांना मुलंबाळं झाली. येसूबाई भिंतीपलीकडे राहिली आणि त्याला भावोजी म्हणत राहिली. सणासुदीला घावन-घाटलं इकडून तिकडे जात राहिलं.

मग आत्ताच का काढला म्हणाल तो तुकडा? तर त्याला वाटलं, एकदा तरी तो उजेडात टांगलेला बघावा. प्रदर्शनाला येणार ती शहरातली शिकलेली माणसं. त्यांना गाठीतलं काय डोंबल कळणार?

पण पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस, होड्या वर ओढलेल्या, सगळे रिकामे. नेत्राने आख्ख्या भाट्यालाच आमंत्रण दिलं, वर टेम्पोही ठरवला. गंगारामला हे ऐन प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी कळलं, आणि कळलं ते बाबल्याकडून. "गंग्या, चारला टेम्पो हाय," तो अंगणातून ओरडला. "तुझं जाळं टांगलंय म्हणं थंय. हिनं सकाळपासून लुगडं काढून ठेवलंन."

गंगारामने सुई आणि सुरी खिशात टाकली. टेम्पोची वाट न बघता त्याने रिक्षा धरली. पूल ओलांडेपर्यंत त्याला एकच दिसत होतं. बाबल्या जाळ्यासमोर उभा आहे, आणि भाट्याची चाळीस माणसं बाबल्याकडे बघतायत. या वयात ती बाई तोंड कुठे लपवणार?

गोदामात पोचला तेव्हा अडीच वाजून गेले होते. एका भिंतीवर उघड्या पाठीचं भलंमोठं चित्र होतं, दोन पेन्शनर त्याच्यासमोर उभे राहून छताची कौलं तपासत होते. काचेच्या पेटीत कोणाची तरी पत्रं, कोणाचा तरी तुटका कंगवा. आणि सगळ्यांच्या मधे त्याचं जाळं. नेत्राने त्यावर असा दिवा सोडला होता की गाठ न् गाठ मागच्या भिंतीवर लिंबाएवढी उमटली होती.

"हे काढ," गंगाराम म्हणाला.

"काका, आता कसं काढू? लोक यायचेत."

"मधी सुटलंय. सांधायला होवं."

तिचे डोळेच चमकले. "मग इथेच सांधा की. लोकांना बघायला मिळेल." आणि तिने स्टूल आणून दिलं.

गंगारामने खिशातून सुई आणि सुरी काढली. नवा धागा लगेच ओळखू आला असता, म्हणून काठाचाच जुना धागा उसवून सुईवर भरला. मग मधली ओळ कापायला घेतली. पहिली गाठ तिची होती. सुरी टेकवली आणि हात थांबला. सदतीस वर्षांत त्याने ही गाठ कितीदा चाचपली असेल, बायको जिवंत असताना आणि गेल्यावरही. त्याला रडू आलं. ते गिळून त्याने गाठ कापली. मग दुसरी, मग तिसरी. कापलेली एकेक गाठ शर्टाच्या खिशात टाकत गेला. एकतिसाव्या गाठीनंतर जाळं मधोमध उघडं पडलं.

मग विणायला लागला. बोटं घामाने निसटत होती. मागे माणसं जमली, कोणी मोबाइलवर शूटिंग करू लागलं, याचं लक्षच नव्हतं. सव्वीस गाठी झाल्या आणि बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सत्तावीस. चपलांचे आवाज आले. अठ्ठावीस. बाबल्याचं खोकणं त्याने बरोबर ओळखलं. शेवटची गाठ ओढून दाताने धागा तोडला, तेव्हा बाबल्या दारातून आत शिरत होता.

बाबल्या सरळ जाळ्याकडे आला. हात पाठीमागे बांधून वाकून पाहिलं. "ह्या अंगानं हिचं काम, त्या अंगानं तुझं," तो म्हणाला. मग मधेच थबकला. "धागा जुना, आणि गाठ ताजी? मधली ओळ कधी घातलीस रे?"

"आत्ताच," गंगाराम सुई खिशात ठेवत म्हणाला. "उंदरांनी खाल्ली हुती."

बाबल्या आणखी क्षणभर वाकून राहिला. मग "हात अजून चांगला चालतो तुझा," म्हणाला आणि उघड्या पाठीच्या चित्राकडे गेला. गंगाराम खाली पडलेले धाग्याचे तुकडे गोळा करू लागला. सुटलो. तीही सुटली.

बाबल्यामागोमाग आलेली येसूबाई मात्र जाळ्यासमोरून हलली नव्हती. ती त्या ओळीकडे एकटक बघत होती.

"कुठं गेली?" ती हळूच म्हणाली.

"कापली. तुझ्यासाठी. तो बघील म्हणून."

"त्यांनी बघावी म्हणूनच आणलं मी त्यांना." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "त्या पोरीनं फोटो पाठवला हुता आमच्या बाय‍कांच्या ग्रुपवर. मी मोठा करून करून बघितला. म्हटलं, ह्यानं ठेवलंन. इतकी वर्षं ठेवलंन, आणि आता चारचौघांत टांगलंन. मग आपणच कशाला भ्यायचं? बघू देत, काय बोलायचं ते बोलू देत. मी हो म्हणणार हुते."

"मला वाटलं..."

"मला इचारलंस?"

त्याने हातातला धागा बोटाला गुंडाळला.

"तवा पण नाय इचारलंस," येसूबाई म्हणाली. तिने हात पुढे केला. "दे."

त्याने खिशातल्या सगळ्या गाठी तळहातावर काढल्या. येसूबाईने चष्मा नाही, काही नाही, नुसत्या बोटांनी चाचपून आपल्या सोळा वेचल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या. त्याच्या पंधरा त्याच्या हातावर तशाच राहू दिल्या.

"येते, भावोजी," असं म्हणून ती नवऱ्याकडे चित्र बघायला गेली.