काकांचा उजवा हात

समोरच्या खिडकीत रोज सकाळी काकू काकांना कणीक मळायला बसवतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकांचा उजवा हात सगळं विसरला, म्हणून डॉक्टरांनीच हा व्यायाम सांगितलाय. त्यांच्या बोटांवर बोटं ठेवून काकू म्हणतात, "दाबा... आता सोडा."

मला वाटायचं, हात पहिल्यापासून शिकतोच आहे, तर यावेळी थोडं बरं शिकेल. कसलं काय! शरीराला आधी काय आठवावं, हे शिकवणाऱ्याच्या हातात थोडंच असतं?

काल आमटी अळणी झाली. काकांनी त्याच हातानं ताट उचललं आणि भिंतीवर भिरकावलं, अगदी पूर्वीसारखं.

ओघळणारी आमटी पुसता पुसता काकू माझ्याकडे वळल्या. चेहरा आनंदानं फुललेला.

"पाहिलंत? हातात जोर आला हो त्यांच्या!"