हर्बर्टचा कावळ्यांचा घास

मरोळच्या गावठाणात हर्बर्ट आणि मी तीस वर्षं शेजारी राहतोय. तो इथला मूळचा ईस्ट इंडियन ख्रिस्ती, मी कोकणातून आलेला. औषधांच्या कारखान्यात हयातभर गोळ्यांची पाकिटं भरून तो निवृत्त झाला आणि गावठाणाने त्याला फुकटात अर्धा डॉक्टर करून टाकलं. कुणी नुसतं खोकलं तरी हा दारात हजर. "कोर्स पुरा कर. गोळी अर्ध्यावर सोडायची नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याच्या स्वतःच्या प्रेशरच्या गोळीवर मात्र बायकोचा पहारा होता. फ्रेडा रोज सकाळी चहा-पावाबरोबर गोळी त्याच्या हातावर ठेवायची. हा मागच्या पायरीवर जाऊन बसायचा आणि पावाचा शेवटचा तुकडा कुंपणाच्या भिंतीवर कावळ्यांना ठेवायचा. चर्चला जाणारा माणूस कावळ्याला घास घालतो, म्हणून मी घरी त्याचं तोंडभर कौतुक करायचो. माझ्याइतका भाबडा माणूस शोधून सापडणार नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी फ्रेडाने मला हाक मारली. त्यांचा पेदरू, जेमतेम मांजराएवढं कुत्रं, पायरीपाशी आडवा पडला होता. डोळे उघडायचा, पण उठत नव्हता.

"मिठाचं पाणी पाज. ओकेल," मी म्हटलं. सल्ला द्यायची संधी हर्बर्टने सोडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. फ्रेडाने प्राण्यांच्या डॉक्टरांना, गंधाली मॅडमना, फोन लावला.

"काही पाजू नका," त्या म्हणाल्या. "ग्लानीत उलटी झाली तर फुप्फुसात जाईल. घरातली औषधं पाकिटांसकट घेऊन लगेच या."

दवाखान्यात त्यांनी पेदरूची छाती तपासली. "ठोके फार मंद आहेत. घरात प्रेशरची गोळी कोण घेतं?"

"हा घेतो," फ्रेडाने पाकीट पुढे केलं. "पण ती मी स्वतः हातावर देते, डॉक्टर. एक दिवस चुकत नाय. कुत्र्याला कुठनं मिळणार?"

"किती गेल्या, कधी गेल्या, ते कळायला हवं. नाहीतर हा हातचा जाईल."

हर्बर्टने आधी पेदरूकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"चार," तो म्हणाला. "एकदम. सकाळी आठला."

मग सगळंच बाहेर आलं. गोळीने पाय सुजतात म्हणून ईस्टरपासून तो ती पावात खुपसून कावळ्यांना देत होता. मधे बेकरी तीन दिवस बंद राहिली. बिस्किटात गोळी लपत नाही, म्हणून त्या खिशात साठल्या. आज पाव मिळाल्यावर आजची धरून चारही एकाच तुकड्यात गेल्या, आणि तो तुकडा भिंतीवरून खाली पडला, तो पेदरूने मटकावला. मरोळच्या कावळ्यांचं प्रेशर मात्र झकास असणार.

पेदरूला सलाईन लावलं. दुपारी त्याने मान उचलली. "वेळेत सांगितलंत म्हणून वाचला," मॅडम म्हणाल्या, "पण दोन दिवस इथेच ठेवा."

बाहेरच्या बाकावर फ्रेडा हर्बर्टच्या शेजारी जाऊन बसली. ती त्याला फाडून खाईल, असं मला वाटत होतं.

"पेदरू मरेल म्हणून खरं बोललास," पण ती हळू आवाजात म्हणाली. "तू मेला असतास, तर मी लोकांना सांगत बसले असते, गोळी रोज मीच देत होते म्हणून."

हर्बर्टने हात पुढे केला. फ्रेडाने पाकिटातली एक गोळी काढून त्यावर ठेवली आणि त्याने ती गिळेपर्यंत त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही.