एका पेटीत दोन उजवी हाडं

“ए, हे डावं की उजवं, सांग बघू.”

तपासणीला आलेल्या साहेबांनी मांडीचं हाड माझ्यापुढं धरलं. शाळेतल्या पोराला पाढा विचारावा तसं. नव्या कॅम्पसचा अ‍ॅनाटॉमीचा हॉल. चकाचक फरशी, एसी, पांढऱ्या कोटातले डॉक्टर. टेबलावर एक पेटी उघडी. पेटीत एका माणसाची सगळी हाडं असायला पाहिजेत. मांडीची दोन निघाली. दोन्ही उजवी.

मी तोंड उघडायच्या आत आमचे विभागप्रमुख बोलले, “सर, पेट्या यानं भरल्या. अंगठाछाप माणूस. याला कुठलं डावं-उजवं?”

हसले सगळे. एक मॅडम म्हणाल्या, “चपला तरी बरोबर घालतो ना?”

अजून हसले.

मी माझ्या पायांकडं बघितलं. खरंच बघितलं. ती लाज अजून जात नाही.

मी चौथी नापास. पण ते हाड मी डोळे मिटून सांगतो. वरचा गोळा आतल्या बाजूला, धार मागं. परीक्षा आली की डॉक्टरकीची पोरं माझ्यामागं लागायची, “काका, पटकन दाखवा ना.” त्यातले काही आज मोठे सर्जन आहेत.

मी लागलो तेव्हा एकच कॉलेज होतं. मग दातांचं आलं, नर्सिंगचं आलं, फिजिओचं आलं. सगळ्यांचं मिळून विद्यापीठ झालं. दुसऱ्या शहरात कॅम्पस, मग तिसऱ्या. दरवेळी पहिला हॉल लावायला मला धाडायचे. रिटायर झालो तरी कंत्राटावर ठेवलं. उद्घाटनाच्या पाटीवर नावं दुसऱ्यांची.

माझी एक पद्धत होती. देहदान आलं की त्या माणसाचा एक रंग ठरवायचा. पोरांचं शिकून झालं, हाडं साफ होऊन वाळली, की एकेका हाडाला त्या रंगाचा दोरा. बोटाच्या पेरालासुद्धा. एक माणूस, एक रंग, एक पेटी.

हे कुणी शिकवलं नव्हतं. खांदेश्वरच्या एक बाई आपल्या मास्तर नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. डॉक्टर सह्या घेऊन निघून गेले. बाई माझ्यापाशी थांबल्या. “यांना एकत्र ठेवाल ना हो?”

“माझी जबाबदारी, ताई.”

मास्तरांना निळा दोरा दिला. तेव्हापासून सगळ्यांनाच दोरे. मास्तर गेले त्या तारखेला ताईंचा दरवर्षी फोन येतो. एकच विचारतात, “बरे आहेत ना?”

उलव्याकडचा हा नवा कॅम्पस उभा राहिला, माझ्या पेट्या तिकडं आल्या. तपासणी तोंडावर आली. विभागप्रमुखांनी पेट्या उघडून बघितल्या. “हे काय गंडेदोरे बांधलेत? काढा सगळे. स्टिकर लावायचेत.”

मी बौद्ध माणूस. जन्मात गंडा बांधला नाही. तरी नरमाईनं म्हणालो, “सर, आधी स्टिकर लावू, मग दोरे कापू. नाहीतर माणसं मिसळतील.”

“माणसं कसली? हाडं आहेत.”

शिकाऊ पोरांनी कात्र्या चालवल्या. मांड्यांचा एक ढीग, दंडांचा एक, बरगड्यांचा एक. मग नग मोजून पेट्या भरल्या. मी दाराशी उभा. खाली पडलेले दोरे झाडूनं भरून मीच टाकले.

तपासणीच्या दिवशी त्यातलंच एक हाड साहेबांच्या हातात होतं. त्यावर मोडून जुळल्याची जुनी गाठ होती. मास्तर स्कूटरवरून पडले होते, ताईंनी सांगितलं होतं. टेबलावरचं दुसरं बारीक, कुणा बाईचं. मला सगळं कळत होतं. पण बोललो नाही. कंत्राट संपत आलं होतं. भ्यालो. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कारकुनानं टाईप केलेला कागद पुढं सरकवला. शाईचा पॅड उघडला. “काका, इथं अंगठा.”

“आधी वाचतो.”

“तुमाला वाचता येतं?”

अक्षराला अक्षर लावून वाचलं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे पेट्यांमध्ये चूक झाली.’

पॅड मी बंद केला. “चूक माझी नाही. अंगठा नाही आणि सही पण नाही.”

“काका, टेन्शन नका ना देऊ. सर म्हणालेत, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

तरी गेलो. गेटवरचा वॉचमन रोज माझ्याबरोबर चहा प्यायचा. त्यानं मान खाली घातली. “वरनं ऑर्डर हाय, काका.”

आता कोपरखैरण्याला घरी बसून आहे. मास्तर आत आहेत, अर्धे या पेटीत, अर्धे त्या पेटीत. त्यांना वेगळं काढील असा तिथं कुणी नाही. मी काढीन, पण मला आत सोडत नाहीत. परवा ताईंचा फोन आला. वाजून वाजून बंद झाला. उचलला नाही. काय सांगू?

माझाही देहदानाचा फॉर्म त्याच ऑफिसात पडला आहे. मोठ्या अभिमानानं भरला होता. माझा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

काल स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. चार ओळींना दुपार गेली. ‘माझा फॉर्म रद्द करा. आधी त्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या पेटीत घाला. मला बोलवा, मी करून देतो. ते होईपर्यंत माझं एक हाडही तुम्हाला मिळणार नाही.’ खाली सही केली. पूर्ण नावाची.

बोलावणार नाहीत, माहीत आहे. पोराला सांगून ठेवलंय. मी गेल्यावर त्यांची गाडी आलीच, तर दारातूनच माघारी धाड.