दोन बोटं खाली

चाळिशी ओलांडल्यावर माणूस एकतर देवाला लागतो, नाहीतर गाडीला. मी गाडीला लागलो. देवाला लागलो असतो तर फार तर कपाळावर गंध आलं असतं, त्याचा कुणाच्या गुडघ्यांना त्रास झाला नसता.

आमच्या नाशकात लहान गाड्या स्प्रिंगा बदलून खाली बसवणाऱ्यांचा एक गट आहे. रविवारी सकाळी ही मंडळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला जमतात. पोटं सुटलेली, घरी दहावी-बारावीची पोरं असलेली माणसं एकमेकांच्या गाडीपुढे उकिडवी बसतात आणि चाक नि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घालून बघतात. चार बोटं गेली तर तोंड वाकडं करायचं. दोन गेली तर खांद्यावर थाप. मी शाळेत गणित शिकवतो. मोजमापाचं एकक लिहायला विसरू नका, असं पोरांना वीस वर्षं बजावणारा मी या बोटांनी मोजणाऱ्यांच्या नादी लागलो आणि माझ्या सात वर्षं बिनतक्रार चाललेल्या छोट्या पांढऱ्या गाडीची मला लाज वाटायला लागली. तिच्या फटीत चार बोटं जायची!

मग मी आखूड स्प्रिंगा मागवल्या. त्या लालभडक होत्या. बसवल्यावर त्या कुणालाही दिसत नाहीत, तरी रंग लालच हवा, यावरून या धंद्याचं गिऱ्हाईक कोण ते कळावं.

द्वारका चौकाजवळ एक मेकॅनिक होता. कामाला पक्का, बोलायला तुसडा. त्याने खोकं उघडून बघितलं आणि विचारलं, "घरी म्हातारं माणूस आहे का?"

"वडील आहेत. पण ते कुठे गाडी चालवतात?" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. वर्गात एखाद्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाने भलतंच उत्तर दिलं की आम्ही मास्तर लोक बघतो, तसंच. "बसवून देतो साहेब, पण आपल्याकडचे रस्ते बघा," एवढं बोलून तो कामाला लागला. गाडी जॅकवर चढवली, चाकं काढली, पुढचे शॉकअप बाहेर काढले. जुनी स्प्रिंग शिकंज्यात दाबून, मग एकेक आटा फिरवत तो ती सैल सोडत होता. दाबलेली स्प्रिंग निसटली तर समोरच्या माणसाचं तोंड फोडते, म्हणून त्या वेळी तो कुणाशी बोलत नसे. मी मात्र अखंड बोलत होतो. गाडी वळणावर कशी रस्त्याला धरून राहील हे ज्याचं आयुष्य गाड्यांखाली गेलं त्याला मी समजावत होतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो यापेक्षा वेगळा नसावा.

काढलेल्या चार स्प्रिंगा त्याने डिकीत टाकल्या. "भंगारात देऊ नका. पुष्कळ लोक परत येतात."

"मी नाही येणार," मी म्हणालो.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, गुडघे झिजून पाच-सहा. गाडी घरी आली तेव्हा ते भिंतीचा आधार घेत खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, एक हात गुडघ्यावर ठेवून वाकले आणि चाकावरच्या फटीत बोटं घातली.

"दोन बोटं खाली गेली," ते म्हणाले.

"दोनच बोटं, बाबा."

"हं."

जुन्या स्प्रिंगा मी त्यांच्यासमोर टाकल्या आणि भंगारवाला आला की देऊन टाका म्हणालो. वर, घराचं गोडाऊन करून ठेवलंय, असंही ऐकवलं. वडिलांना काही टाकवत नाही. वाकडे खिळे, वायरींचे तुकडे, बिनझाकणाचे डबे, सगळं जपून ठेवतात. या सवयीची मी नातेवाइकांत यथेच्छ टिंगल केलेली आहे.

महिन्यातून एका रविवारी आम्ही घोटीच्या पुढे आत्याकडे जायचो. आत्या वडिलांपेक्षा चार वर्षांनी मोठी. बाकीची भावंडं गेली, ही दोघंच उरली आहेत. घोटीपर्यंत हमरस्ता आहे, तिथवर मी राजा होतो. तिथून आत वळलं की तिच्या वाडीपर्यंत सात स्पीडब्रेकर. ते काही सरकारने घातलेले नाहीत. कुणाच्या कोंबडीला गाडीचा धक्का लागला की ती वाडी रातोरात एक घालून घेते, आणि स्पीडब्रेकर कसला, चांगला बांधच असतो तो.

पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खरखरत घासलं. मी गाडी मागे घेतली. बायको मागच्या दाराने उतरली. वडिलांना म्हणालो, "बाबा, जरा उतरता का? वजन कमी झालं की निघेल."

ते उतरले. आधी एक पाय बाहेर, मग हात टपावर, मग एक झोका, तो फुकट गेला, मग दुसरा. सीट दोनच बोटं खाली गेली होती. गुडघ्यांना दोन बोटं म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडे बघितलं असतं तर कळलं असतं. मी खिडकीतून डोकं काढून गाडीच्या पोटाकडे बघत होतो. गाडी तिरकी घालून इंचाइंचाने पलीकडे नेली. वडील हातात पिशवी घेऊन मागून चालत आले आणि पुन्हा त्या खड्ड्यासारख्या सीटवर बसले. पारावरचा एक जण ओरडला, "मास्तर, उचलून देऊ का गाडी? लय जड नाय दिसत!" सगळे हसले. मला राग आला तो त्यांच्या अडाणीपणाचा.

जायचे सात, यायचे सात. ही बेरीज माझ्या वर्गातला कुणीही केली असती.

असे तीन महिने गेले. चौथ्या महिन्यात वडील म्हणाले, "तू जाऊन ये. मला आता तिकडे काय काम?" पाचव्यात म्हणाले, ऊन आहे. मग मी विचारणंच सोडलं. शिक्षकांच्या खोलीत मी चहा पिता पिता समजूतदार चेहरा करून सांगायचो, वय झालं की माणसाला प्रवासाचा कंटाळा येतो, आपण समजून घ्यायला हवं. सहकारी माना डोलवायचे. इतका मूर्ख माणूस इतक्या गंभीरपणे बोलताना मी दुसरा पाहिलेला नाही.

दिवाळी आली. आईच्या आजारपणातही वडिलांची भाऊबीज चुकली नव्हती. या वेळी म्हणाले, "फोन करीन तिला." आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. चौदा वेळा खरखर ऐकायची टळली.

भाऊबीजेला सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात आत्या. ऐंशी वर्षांची बाई एकटी एसटीने आली होती आणि स्टँडवरून रिक्षाने. हातात नव्या तांदळाची पिशवी, पिशवीत ओवाळायचं ताट, आमच्याकडे ताट नसल्यासारखं. तिने वडिलांना पाटावर नाही, खुर्चीतच बसवलं, ओवाळलं आणि मग माझ्याकडे वळली.

"याला गाडीत बसवत नाय, उतरवत नाय. मंग म्या आले. बहिणीनं भावाकडं जायचं नवं फ्याड काढलं तू."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. दर आठवड्याला फोनवर सांगतोय. तुला नाय सांगितलं व्हय?"

मी वडिलांकडे बघितलं. ते पाकिटातून ओवाळणी काढण्यात गुंतले होते. मी म्हणालो की उद्याच जुन्या स्प्रिंगा बसवून घेतो, आणि म्हणतानाच आठवलं, त्या भंगारात द्यायला मीच सांगितलं होतं.

"दिवाणाखाली बघ," वडील म्हणाले.

चार पुडकी होती, सुतळीने बांधलेली. आत कागदाचे दोन पदर आणि स्प्रिंगेच्या वेढ्यावेढ्याला ग्रीस. कुठे गंजाचा ठिपका नाही. वरच्या कागदावर तारीख होती ती मी लाल स्प्रिंगा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलंस कुठे?" ते म्हणाले. चिडून नाही. मशीन का बंद आहे असं साहेबाने विचारल्यावर फिटर जसं सांगतो, तसं सरळ. विचारलं होतं ते त्या तुसड्या मेकॅनिकने, ज्याचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. मी त्यांच्याच हातचं खाऊन मोठा झालो आणि मला ते सुचलं नाही. मला त्या क्षणी माझी किळस आली.

मेकॅनिकला माझा चेहरा आठवत नव्हता. पुडकी सोडून त्याने ग्रीसवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुणी ठेवल्या?" मी सांगितलं. त्याने गाडी जॅकवर चढवली, आणि या वेळी मी त्याला काही समजावायला गेलो नाही.

स्प्रिंगा बसल्यावर दुसऱ्या दिवशी आत्याला सोडायला निघालो. वडील पुढे, आत्या मागे. वडील सीटवर नीट टेकले, पाय आत घेतले. घोटीपर्यंत दोघा भावंडांच्या भाताच्या गप्पा चालल्या होत्या, यंदा कापणीला माणसं कशी मिळाली नाहीत वगैरे. आत वळलो. पहिला स्पीडब्रेकर दिसला म्हणून मी गाडी थांबण्याइतकी हळू केली.

वडिलांचं बोलणं थांबलं. त्यांनी मांडीवरची पिशवी हातात घेतली आणि दाराची कडी ओढली.

"बसा, बाबा," मी म्हणालो. त्यांचा एक पाय बाहेर गेला होता आणि हात टपाकडे.